खाली निखारे, वर निखारे

परदेशी गोष्टींच्या पुस्तकांत एक चित्र हमखास असते. बाहेर बर्फ भुरभुरत आहे, खिडकीच्या काचा पांढऱ्या झाल्या आहेत आणि आत स्वयंपाकघरात भट्टीमध्ये केक भाजला जात आहे. त्याचा खमंग वास घरभर दरवळतो आणि सारे कुटुंब भट्टीच्या उबेला येऊन बसते. हे चित्र पाहून तुम्ही म्हणाल, "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग आपल्याला हा अनुभव कसा यायचा?" बर्फ नसेल, पण त्या चित्रातले बाकी सगळे आपल्याकडे आहे. फक्त ते डिसेंबरात नव्हे तर जुलै-ऑगस्टमध्ये पाहावे लागते आणि त्यासाठी गगनबावड्याला जावे लागते.

कोल्हापूरहून पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला गगनबावडा वसले आहे. येथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात वैभववाडीकडे उतरतात. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे ते सातशे मीटरांच्या दरम्यान. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्यात ५००० मिलिमीटरहून अधिक. जुलैत दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही. धुके घरात शिरते, अंथरूण ओलसर लागते, मीठ पाझरते, कपडे वाळत नाहीत. तापमान पाहाल तर २० अंशांच्या आसपास, म्हणजे फार कमी नाही. पण अंगावरचे कपडे दमट असले की थंडी वाजते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून अधिक आहे. कोरड्या कपड्याच्या धाग्यांत अडकलेली हवा आपली ऊब राखते. तिच्या जागी पाणी आले की ती ऊब झपाट्याने बाहेर जाते.

अशा दिवसांत घरातली सर्वांत सुखाची जागा म्हणजे चुलीपुढची. तव्यावर नाचणीची भाकरी फुगते आहे, हळदीच्या पानांत पानगी भाजली जात आहे आणि एखाद्या दिवशी घाटाखालच्या कोकणातले धोंडस शिजते आहे. धोंडस म्हणजे पावसाळ्यात येणाऱ्या मोठ्या जून काकडीचा केक म्हणा ना! काकडीचा कीस, तांदळाचा भाजलेला रवा, गूळ आणि ओले खोबरे एकत्र शिजवायचे, जाड बुडाच्या पातेल्यात थापायचे, पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवायचे आणि वर झाकण घालून त्या झाकणावरही निखारे पसरायचे. खाली विस्तव, वर विस्तव. ना वीज, ना भट्टी. तरीही वरून तांबूस, कडेने खरपूस आणि आतून मऊ असा पदार्थ तयार होतो.

झाकणावर निखारे कशासाठी? खालचा जाळ थोडा वाढवला तर चालणार नाही का? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण थेट उष्णताशास्त्रात शिरतो. पण त्याआधी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे जरा पाहू, कारण चुलीवरचे पातेले आणि सह्याद्रीवरचा ढग यांचे कोडे एकाच किल्लीने सुटते.

डोंगरावरची मोठी वाफ

अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा बाष्पाने भरलेला असतो. समोर सह्याद्रीची भिंत आली की त्याला वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. कोरडी हवा एक किलोमीटर चढली की सुमारे १० अंशांनी थंड होते.

आता थंड हवेत बाष्प कमी मावते. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅम बाष्प राहू शकते. २० अंशांना फक्त १७ ग्रॅम. उरलेल्याचे काय होणार? त्याचे सूक्ष्म जलबिंदू बनतात. तेच धुके, तोच ढग आणि पुढे तोच पाऊस.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पाण्याची वाफ करण्यासाठी आपण उष्णता पुरवतो. वाफेचे पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता परत मिळते. हिला अप्रकट उष्मा म्हणतात. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक याने १७६० च्या सुमारास ही कल्पना मांडली. उकळत्या पाण्याखाली कितीही जाळ घातला तरी पाण्याचे तापमान वाढत नाही, मग ती उष्णता जाते कोठे, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर असे की ती वाफ बनवण्यात खर्ची पडते. १०० अंशांच्या एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला ५४० कॅलरी लागतात. २० अंशांच्या सुमारास हा आकडा ५८५ च्या आसपास असतो.

आता थोडे गणित करा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, म्हणजेच १ किलो पाणी. ५००० मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला ५००० किलो. एवढे बाष्प ढगात द्रवरूप होताना सुमारे २९ लाख किलोकॅलरी उष्णता बाहेर पडली. एक किलो कोरडे लाकूड जाळून सुमारे ४००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तुमच्या अंगणातल्या प्रत्येक चौरस मीटरवर जो पाऊस वर्षभरात पडला, त्याने वर आकाशात सातशे किलोहून अधिक लाकूड जाळल्याइतकी उष्णता सोडली!

मग आपल्याला थंडी का वाजते? कारण ती उष्णता वर, ढगांतल्या हवेला मिळाली. ढग बनू लागले की चढणारी हवा पहिल्याच्या सुमारे निम्म्या वेगाने थंड होते, ती याच उष्णतेमुळे. सह्याद्रीचा माथा ओलांडल्यावर चढण संपते. हवा थोडी खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. बरेचसे पाणी तर कड्यावरच पडून गेलेले असते. म्हणून गगनबावड्याहून कोल्हापूरकडे येताना दोन तासांच्या प्रवासात पाऊस विरळ होत जातो. गगनबावडेकरांच्या वाट्याला पाणी येते आणि ऊब पुढे निघून जाते. ऊब हवी असेल तर चूलच पेटवावी लागते.

पाणी नावाचा पहारेकरी

आता स्वयंपाकघरात येऊ. शिजवणे आणि भाजणे यांत फरक काय? शिजवताना पदार्थ पाण्यात किंवा वाफेत असतो आणि उघड्या भांड्यातले पाणी उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. समुद्रसपाटीला हा बिंदू १०० अंश. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून दर ३०० मीटरला तो सुमारे १ अंशाने उतरतो. गगनबावड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. भात, वरण, मोदक, सगळे याच्या आत शिजते. म्हणूनच उकडीचा मोदक कधी तांबूस होत नाही.

तांबूसपणा आणि खमंग वास यायला निराळीच रासायनिक क्रिया लागते. पिठातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांचा तापलेल्या स्थितीत संयोग होतो व त्यातून तपकिरी रंगाची आणि नाना प्रकारच्या वासांची संयुगे तयार होतात. लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. ती वेगाने घडायला साधारण १४० अंश तापमान लागते. भाकरीवरचे डाग, पावाचा वरचा पापुद्रा, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास हे सारे तिचेच देणे.

९८ कोठे आणि १४० कोठे! मधली दरी कोण अडवून धरते? पाणी. पदार्थाच्या एखाद्या भागात पाणी आहे तोवर तेथे दिलेली उष्णता ते पाणी वाफेच्या रूपाने घेऊन जाते आणि तापमान उत्कलनबिंदूपाशीच थबकते. तो भाग कोरडा झाला की पहारा उठतो आणि तापमान वर चढू लागते. भाजणे म्हणजे पदार्थाचे बाहेरचे कवच कोरडे करून तेवढेच १४० अंशांच्या वर नेणे आणि आतला भाग ओलसर ठेवून ९८ च्या आत शिजवणे. केक, पाव, धोंडस या सर्वांचा बाहेरचा भाग खरपूस आणि आतला मऊ असतो, तो यामुळेच.

भाकरीचेही पाहा. भाकरी तव्यावर टाकली की तिच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. पाणी सुकले की उलटतात. दोन्ही अंगांवर पातळ पापुद्रा तयार होतो आणि मधे ओलावा अडकतो. मग भाकरी निखाऱ्यांसमोर उभी केली की आतल्या पाण्याची वाफ होते. १ ग्रॅम पाण्यापासून जवळजवळ १७०० घनसेंटिमीटर वाफ मिळते. अर्धा लिटर फुगवटा यायला तृतीयांश ग्रॅमपेक्षाही कमी पाणी पुरते! गव्हाप्रमाणे नाचणीच्या पिठात चिकटपणा आणणारे प्रथिन नसते, तरी तिची भाकरी फुगते. कारण गरम पाण्यात पीठ मळले की त्यातील पिष्टाचे कण फुगून चिकट होतात आणि वाफ धरून ठेवणारा पापुद्रा बनतो. पापुद्र्याला चीर पडली तर वाफ निसटते आणि भाकरी बसते.

झाकणावरचा विस्तव

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, धोंडसाच्या पातेल्याखाली निखारे ठेवले आणि झाकणावर काहीच ठेवले नाही. पातेल्याच्या बुडातून वहनाने उष्णता मिश्रणात येते. पण मिश्रण घट्ट आहे, त्यात पाण्यासारखे अभिसरण होत नाही आणि ते मंदवाहक आहे. उष्णता वरच्या थरापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. तोपर्यंत बुडाशी असलेले पाणी संपते, पहारा उठतो आणि बूड करपते. जाळ वाढवला तर करपणे लवकर होईल, वरचा थर मात्र तसाच राहील.

दुसरी अडचण झाकणाची. मिश्रणातून निघणारी वाफ वर जाते. बाहेर धुक्याची गार हवा, त्यामुळे झाकण थंड. वाफेचे झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब बनतात आणि ते टपटप मिश्रणावर पडतात. बाहेर सह्याद्रीवर जे चालले आहे तेच येथे पातेल्यात छोट्या प्रमाणात घडते: बाष्पीभवन, संघनन आणि पाऊस! वरचा थर पुन:पुन्हा भिजत राहतो, म्हणजे तो ९८ अंशांच्या वर जाणे शक्य नाही. असा पदार्थ वाफवला जाईल, भाजला जाणार नाही.

झाकणावर निखारे ठेवताच चित्र पालटते. झाकण १०० अंशांच्या वर तापते, त्यावर थेंब बनत नाहीत आणि वाफ कडेच्या फटीतून निघून जाते. शिवाय तापलेले झाकण स्वत:च प्रारणाने खालच्या थराला उष्णता देऊ लागते. प्रारणाचा नियम योझेफ श्टेफान याने १८७९ मध्ये सांगितला: वस्तूने उत्सर्जित केलेली उष्णता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवलेली संख्या. ९८ अंशांचे झाकण म्हणजे ३७१ केल्विन. २५० अंशांचे झाकण म्हणजे ५२३ केल्विन. दोहोंचे गुणोत्तर १.४१, आणि त्याचा चौथा घात जवळजवळ ४. म्हणजे निखाऱ्यांनी तापवलेले झाकण चौपट प्रारण खाली पाठवते. वरचा थर सुकतो, तापतो आणि तांबूस होतो.

ही युक्ती केवळ कोकणची नाही. अमेरिकेत युरोपीय वसाहतवाले ओतीव लोखंडाचे जाड पातेले वापरत. त्याच्या झाकणाची कड उचललेली असे, ती निखारे घरंगळू नयेत म्हणून. बेकरीतली विटांची घुमटाकार भट्टीही हेच करते. आधी आत लाकूड जाळून विटा तापवायच्या, मग विस्तव बाजूला सारून पाव आत ठेवायचे. तापलेला घुमट वरून प्रारण करतो, तापलेली फरशी खालून वहनाने उष्णता देते. विजेच्या भट्टीत वर एक आणि खाली एक अशा दोन तापतारा असतात त्याही याचसाठी.

निखाऱ्यांवर थोडी राख पसरण्याची चाल आहे, तिलाही अर्थ आहे. राख मंदवाहक आहे आणि ती हवेचा पुरवठाही कमी करते. त्यामुळे निखारे सावकाश, बराच वेळ धुमसत राहतात. विजेच्या भट्टीत तापमान राखायला नियंत्रक असतो. चुलीवर ते काम राख करते.

ओल्या लाकडाचे गणित

पण हे निखारे मिळवायचे कसे? पावसाळ्यात लाकूड ओले असते. एक किलो ओल्या लाकडात निम्मे पाणी आहे असे धरू. उरलेल्या अर्धा किलो लाकडापासून २००० किलोकॅलरी मिळतील. अर्धा किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ४० आणि त्याची वाफ करण्यास २७०, अशा एकूण ३१० किलोकॅलरी त्यातूनच खर्च होतील. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा वाया गेला.

तोटा एवढाच असता तर आपण सहन केला असता. खरी अडचण वेगळी आहे. लाकडातून ज्वालाग्राही वायू भरपूर सुटू लागण्यासाठी ते २५० ते ३०० अंशांपर्यंत तापावे लागते. लाकडात पाणी आहे तोवर तेथेही तोच पहारेकरी उभा! एकीकडे बाहेरचा थर सुकून वायू सोडू लागतो, तर दुसरीकडे आतून येणारी वाफ ज्योत थंड करते. हे वायू पुरते जळत नाहीत आणि धूर होऊन घरभर पसरतात. धूर म्हणजे न जळलेले इंधन. धोंडसाचा वरचा थर आणि ओले लाकूड यांची अडचण एकच आहे.

यावर जुन्या घरांतला उपाय साधा आहे. चुलीच्या वर माळा किंवा टांगलेली फळी असते आणि तिच्यावर पुढच्या आठवड्याचे सरपण रचलेले असते. २० अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरला १७ ग्रॅम बाष्प आहे. हीच हवा चुलीच्या उबेने ३० अंशांची झाली तर तिच्यात ३० ग्रॅम मावू शकते. १७ भागिले ३०, म्हणजे सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आली. बाष्पाचा एक कणही न काढता हवा "कोरडी" झाली! त्या हवेत सरपण सुकते, कपडे वाळतात आणि आपल्यालाही बरे वाटते.

बिनधुराचा धोका

येथे एका गंभीर गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. धुके आत येऊ नये म्हणून अशा दिवसांत दारे-खिडक्या घट्ट लावून घेतात. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला येतो, म्हणून निदान तो कळतो तरी. निखाऱ्यांना धूर नसतो. त्यामुळे "शेगडीत नुसते निखारे आहेत, घरात ठेवली तर काय बिघडले?" असे अनेकांना वाटते. हा समज जिवावर बेतणारा आहे.

निखारा म्हणजे बहुतांशी कार्बन. त्याला भरपूर प्राणवायू मिळाला तर कार्बन डायऑक्साइड बनतो. प्राणवायू अपुरा असेल तर कार्बन मोनॉक्साइड बनतो. इतकेच नव्हे, तर खालच्या थरात बनलेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल कोळशातून जाताना त्याचेही कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती याच वायूच्या ज्वलनाची. जो जळला नाही तो खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. ऊब आणि गुंगी एकत्र आल्यावर माणसाला झोप लागते आणि ती झोप शेवटची ठरू शकते. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यामागचे कारण हे आहे.

म्हणून हे नियम घरातल्या सर्वांना सांगा. निखारे असलेल्या खोलीची एक खिडकी आणि तिच्यासमोरची एखादी झडप नेहमी उघडी हवी. थोडे धुके आत आले तरी चालेल. निखाऱ्यांची शेगडी झोपण्याच्या खोलीत कधीही ठेवू नये. विस्तवाजवळ बसलेल्याचे डोके दुखू लागले वा त्याला गरगरू लागले तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

धुराचा धोका असा एका रात्रीत दिसत नाही, पण तो लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील प्रदूषित हवेमुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. चुलीपुढे सर्वाधिक वेळ असतात त्या स्त्रिया आणि त्यांच्याजवळ बसणारी लहान मुले. भारतात १९८३ च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१६ मध्ये गॅसजोडण्यांसाठी उज्ज्वला योजना आली. पुण्यातील अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याची पद्धत विकसित केली आणि तिला २००२ मध्ये इंग्लंडमधील अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. कोल्हापूर जिल्ह्यातील उसाचे फड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या कल्पनेचे मोल कळेल. मात्र कोळसा पाचटाचा असो वा लाकडाचा, खिडकी उघडी हवीच.

बिस्किट मऊ, पाव कडक

भाजणे झाले, पदार्थ फस्तही झाले. उरले ते डब्यात गेले. आता एक गंमत पाहा. गगनबावड्याच्या पावसात बिस्किट उघडे ठेवले तर ते मऊ पडते. पाव मात्र पिशवीत गुंडाळून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी कडक लागतो. हवा तीच, मग असे उलट का?

बिस्किटात पाणी अगदी थोडे असते. सभोवतालच्या दमट हवेतील बाष्प ते शोषून घेते आणि कुरकुरीतपणा जातो. पापडाचे आणि चिवड्याचेही तसेच. मिठाचे कारण थोडे निराळे आहे. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते. हवा त्याहून दमट झाली की ते बाष्प खेचून स्वत:च त्यात विरघळू लागते. म्हणजे मिठाची बरणी हे घरचे आर्द्रतामापक आहे. मीठ पाझरू लागले की समजावे, हवेने ७५ टक्क्यांची रेघ ओलांडली.

पावाची गोष्ट वेगळी. तो सुकल्यामुळेच कडक होतो असा समज होता. फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो याने १८५२ मध्ये दाखवून दिले की पाणी उडून जाऊ दिले नाही तरी पाव शिळा होतो. भाजताना पिष्टाचे रेणू पाणी घेऊन विस्कटलेले असतात. थंड झाल्यावर ते हळूहळू पुन्हा शिस्तीत, स्फटिकासारखे जुळू लागतात आणि पाव घट्ट होतो. तो पुन्हा गरम केला की ही जुळणी मोडते आणि पाव काही वेळ मऊ होतो. बिस्किट तव्यावर कोमट केले तर त्यातले पाणी उडून ते पुन्हा कुरकुरीत होते. इलाज दोघांना एकच, कारणे मात्र अगदी वेगळी!

करून पाहा

शेवटी तीन छोटे प्रयोग. विस्तवाशी संबंधित प्रयोग घरातल्या मोठ्या माणसांसमोर आणि खिडकी उघडी ठेवूनच करायचे. शिक्षकांना हे शाळेच्या प्रयोगशाळेतही सहज करता येतील.

पहिला. दोन सारख्या वाट्यांत इडलीचे पीठ घ्या. दोन जाड बुडाच्या जुन्या पातेल्यांत वाळू तापवून तिच्यावर त्या ठेवा. दोन्ही पातेल्यांवर साधी स्टीलची ताटली झाका. एका ताटलीवर ओले फडके ठेवा, दुसरीवर चिमट्याने थोडे निखारे ठेवा. पंधरा मिनिटांनी चिमट्यानेच ताटल्या उचला. कोणत्या ताटलीच्या आत थेंब आहेत? कोणत्या पिठाचा वरचा थर कोरडा आहे?

दुसरा. दहा बिस्किटे प्रयोगशाळेच्या तराजूत तोला. ती ताटलीत उघडी ठेवा आणि दर दोन तासांनी वजन करा. वेळ आणि वजन यांचा आलेख काढा. वजन अखेर वाढायचे थांबते का? थांबत असेल तर का?

तिसरा. उकळत्या पाण्याच्या वाफेत तापमापी धरून तुमच्या गावाचा उत्कलनबिंदू मोजा. १०० मधून तो वजा करा आणि ३०० ने गुणा. तुमच्या गावाची उंची अंदाजे मीटरमध्ये मिळेल. नकाशातील उंचीशी ती ताडून पाहा. फरक आलाच तर तापमापीला दोष देण्याआधी विचार करा: हवेचा दाब रोज सारखाच असतो का? पावसाळी दिवशी केलेले मोजमाप आणि कोरड्या दिवशी केलेले मोजमाप एकच येईल का?

आणि एक प्रश्न विचारासाठी. गगनबावड्याला पावसाळ्यात भाजलेली नाचणीची भाकरी आणि त्याच पिठाची, तेवढ्याच जाडीची, सोलापूरला मे महिन्यात भाजलेली भाकरी, या दोहोंपैकी कोणती अधिक वेळ मऊ राहील? फडक्यात गुंडाळली तर आणि उघडी ठेवली तर, असा दोन्ही बाजूंनी विचार करा. मग सुट्टीत प्रत्यक्ष करूनही पाहा.